झेंडी वर असताना

ऑर्लिन टोर्गरसन यांनी नॉर्थ कूलीच्या छोट्या कॉलेजात एकतीस वर्षं संध्याकाळच्या वर्गांना व्यापारी कायदा शिकवला, पण स्वतःहून असा एकही करार केला नाही. घर वडिलांकडून आलं. नोकरी कॉलेजनेच देऊ केली. लग्नाचंही मार्जनेच विचारलं होतं, तेही धान्याच्या कोठारामागे, हातात बादली असताना. त्यांनी फक्त होकार दिला. प्रस्ताव समोरच्याने ठेवावा आणि आपण तो स्वीकारावा, एवढंच त्यांच्या स्वभावात बसत असे.

मार्जला जाऊन सहा वर्षं झाली होती. ऑर्लिन चौऱ्याहत्तरीत होते आणि त्यांचा उजवा गुडघा त्याहून थोरला वाटत होता. जिने झेपेनात म्हणून त्यांनी राहतं घर एका अमिश कुटुंबाला विकलं. एक जूनला ताबा द्यायचा होता. धर्मामुळे त्या लोकांना वीज चालत नाही. विजेच्या तारा जाताना बरोबर नेणार का, असं त्यांनी अदबीने विचारलंही होतं. तारा भिंतीत बसवलेल्या आहेत, म्हणून त्या घराबरोबरच जातात, असं ऑर्लिननी तेवढ्याच अदबीने सांगितलं.

पुढे कुठे जायचं, हा प्रश्न होता. मुलगी फिनिक्सला राहत होती. तिच्या गॅरेजवर एक खोली रिकामी होती.

"पुस्तकं मात्र आणू नका हं बाबा," ती फोनवर म्हणाली. "आता सगळं फोनवर वाचता येतं."

पुस्तकं चार हजारांच्या आसपास होती.

म्हणून मार्चच्या शेवटी अर्डिस मॅटकेचं पत्र आलं, तेव्हा ऑर्लिननी ते उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. अर्डिस रस्त्यापलीकडे राहायची. तिच्या घराशेजारी, तिच्याच जमिनीवर, एका खोलीची जुनी शाळा होती. बासष्ट साली बंद पडलेली. ऑर्लिन सहावीपर्यंत तिथेच शिकले होते. शाळेला जिना नव्हता. भिंती लांबलचक होत्या, चार हजार पुस्तकांना पुरतील अशा. छपरावर अजून घंटा होती.

"सर," अर्डिसने लिहिलं होतं, "शाळा आणि तिच्याखालची एक एकर जमीन तुम्हाला अडतीस हजार डॉलरला देते. पंधरा एप्रिलपर्यंत पोस्टाने कळवा." खाली तारीख आणि पूर्ण सही.

कोण, कुणाला, काय, केवढ्याला, कधीपर्यंत. काहीही राहिलेलं नव्हतं. ऑर्लिननी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण दिले. अठ्ठ्याऐंशी साली अर्डिस त्यांच्या वर्गात होती. तेव्हा त्यांनी तिला बी-मायनस दिला होता, आणि ती हे विसरलेली नव्हती.

आता खरं तर रस्ता ओलांडून "घेतो" म्हणायचं, एवढंच काम होतं. रस्ता बावीस फुटी होता. पण पत्रात "पोस्टाने" असं लिहिलं होतं, आणि प्रस्तावात वाट सांगितलेली असेल तर त्याच वाटेने जावं, असं ऑर्लिननी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. दोघांच्या टपालपेट्या रस्त्याच्या कडेला एकाच खांबावर होत्या, मध्ये चार बोटांचं अंतर. ऑर्लिनच्या पेटीतलं पत्र आधी गावात जाणार, तिथून शंभर मैलांवरच्या वर्गीकरण केंद्रात, आणि दोन-तीन दिवसांनी चार बोटं पलीकडे येऊन पडणार. यात काही विचित्र आहे, असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

अडलं ते घंटेपाशी.

ऑर्लिनना घंटा हवी होती. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, "मला मान्य आहे. कृपया घंटा राहू द्यावी." मग ते खुर्चीत मागे टेकले आणि घाबरले. स्वीकार हा प्रस्तावाचं आरशातलं रूप असावा लागतो. त्यात स्वतःची एक अट घातली, की तो स्वीकार राहत नाही. तो नवा प्रस्ताव होतो आणि जुना मरतो. घंटेपायी शाळा जायची. त्यांनी ते वाक्य खोडलं. मग घंटेशिवायची शाळा डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी "घंटेबाबत आशा बाळगतो" असं लिहिलं. आशा ही अट आहे का? यावर दोन दिवस गेले. असे आठ मसुदे झाले.

या दिवसांत पेट्यांपाशी अर्डिस तीनदा भेटली.

"बर्फ यंदा उशिरा गेला," ती म्हणाली.

"हो, उशिराच," ऑर्लिन म्हणाले.

बाराव्या दिवशी त्यांनी नववा मसुदा केला. "तुमचा प्रस्ताव जसाच्या तसा मला मान्य आहे." घंटेचा उल्लेख नव्हता. सकाळी सव्वासातला त्यांनी पत्र आपल्या पेटीत ठेवलं आणि पेटीच्या कडेची पत्र्याची लाल झेंडी वर केली. झेंडी वर असली, की आत न्यायचं पत्र आहे हे पोस्टमनला कळतं. पत्र घेतलं की तो ती खाली करतो. ऑर्लिनची झेंडी गंजलेली होती. वर जायची, पण खाली यायला ठोसा लागायचा. गॉर्डी पोस्टमन वीस वर्षं रोज तिला ठोसा मारत आला होता.

ऑर्लिननी आंघोळ केली, ओट्स खाल्ले आणि नऊच्या सुमाराला खिडकीत येऊन बसले. झेंडी वरच होती. गॉर्डी अकराला यायचा.

नऊ चाळीसला फोन वाजला.

"सर, मी अर्डिस. राग मानू नका, पण ते शाळेचं मी मागे घेते."

ऑर्लिननी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इलिनॉयचा एक माणूस आलाय. त्याला तिथे वाइन चाखायची जागा काढायची आहे. बारा दिवस झाले हो! मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे. आजही माझं टपाल घेऊन आले, तुमचं पत्र नाहीच, नुसता बियाण्यांचा कॅटलॉग. मग केला त्याला फोन, म्हटलं घे."

"तुम्ही पंधरापर्यंत म्हणाला होतात."

"म्हणाले होते. पण थांबण्याच्या बदल्यात तुम्ही मला काही दिलं नव्हतं. काही घेतल्याशिवाय दिलेला शब्द बांधत नाही, स्वीकार व्हायच्या आत मी केव्हाही मागे घेऊ शकते. पाचवा धडा."

"अगदी बरोबर," ऑर्लिन म्हणाले. सवयीने तोंडून निघून गेलं. मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. "पण अर्डिस, मी स्वीकारलंय. पत्र पेटीत आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या."

अर्डिसने श्वास सोडल्याचा आवाज आला. "मग काढून घ्या की परत. येता का? मी येते पेट्यांपाशी."

ऑर्लिननी तिच्याकडे दहा मिनिटं मागितली आणि नॅडीन सोबोटाला फोन लावला.

नॅडीन ही गावातली एकमेव वकील. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, पत्राला हात लावू नका," ती म्हणाली. "झेंडी वर आहे?"

"दिसतेय मला."



"सर, आठवतं? चौऱ्याण्णव साल. मी तिसऱ्या रांगेत बसायचे. तुम्ही शिकवलंत, पत्र पोस्टात पडलं त्या क्षणी स्वीकार होतो, समोरच्याला मिळो न मिळो. मी विचारलं, शेतावरच्या माणसाने आपल्याच पेटीत ठेवून झेंडी वर केली, तर ते पोस्टात पडलं का? तुम्ही काय म्हणालात?"

ऑर्लिनना चांगलं आठवत होतं. उत्तर माहीत नव्हतं म्हणून त्यांना रात्रभर झोप आली नव्हती.

"हे परीक्षेला येणार नाही, असं म्हणालो."

"आलं बघा."

अमेरिकेत कायदा एका जागी सापडत नाही, हे ऑर्लिनचं दर वर्षीचं पहिलं वाक्य असे. चार घरी विचारावं लागतं, आणि राज्यं पन्नास असल्याने पन्नास गल्ल्यांत. आता ते स्वतःच दारोदार निघाले.

"राज्यघटना?" त्यांनी विचारलं.

"टपालखातं काढायचा अधिकार दिलाय. पेट्यांबद्दल चकार शब्द नाही."

"विधिमंडळाचा कायदा?"

"जमिनीचा व्यवहार लेखी हवा, देणाऱ्याची सही हवी. ती आहे तुमच्याकडे. झेंडीबद्दल काही नाही."

"पोस्टाचे नियम?"

"झेंडी वर दिसली तर पोस्टमनने थांबून पत्र न्यावं. नेईपर्यंत ते कुणाचं, ते नाही सांगितलेलं."

"निवाडे?"

"आपल्या राज्यात माझ्या माहितीत एकही नाही. बाहेरचे शोधले तर दोन सापडतील, एक तुमच्या बाजूचा, एक तिच्या. आणि बाहेरचे आपल्या न्यायाधीशाने ऐकलेच पाहिजेत असंही नाही."

"म्हणजे कायदा काय आहे?"

"नाहीच आहे अजून, सर." नॅडीनचा आवाज उजळला. "तो तुमच्यापासून होईल! वरच्या कोर्टापर्यंत जाऊ. तीन वर्षं लागतील. 'टोर्गरसन विरुद्ध मॅटके.' पुस्तकात छापतील, पोरं पाठ करतील. फक्त एक करा. पत्र तुमच्या हाताबाहेर गेलं होतं का, यावर सगळं ठरणार. तुम्ही जाऊन काढू शकलात, तर न्यायाधीश म्हणेल, गेलंच नव्हतं. तेव्हा पेटीजवळ जाऊच नका. घरात बसा. चहा घ्या."

ऑर्लिननी फोन ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खटल्यांची नावं शिकवली होती. कुणाची घोडी, कुणाची बोट, कुणाचं जळालेलं नाटकघर. त्यात टोर्गरसन हे नाव कसं दिसेल, हे त्यांनी अर्धा मिनिट मनात पाहिलं. वाईट दिसत नव्हतं.

मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अर्डिस खांबापाशी उभी होती. नवऱ्याचं जुनं शिकारीचं जाकीट, केशरी टोपी, काखेत गुंडाळी केलेले कागद, दोन्ही हात पाठीमागे. वारा होता. तिने डोकं खांद्यांत ओढून घेतलं होतं, पण ती हलत नव्हती.

अर्डिसशी तीन वर्षं भांडायचं आणि रोज याच खांबापाशी टपाल घ्यायला यायचं, असं ऑर्लिनच्या मनात आलं. पत्र्याची एक पट्टी वर होती म्हणून घर मिळवायचं. मिळालं तरी ते घर कसलं? फिनिक्सची हवा कोरडी असते. गुडघ्याला बरी. त्यांनी बूट चढवले, काठी घेतली आणि बाहेर पडले.

"मी हात लावलेला नाही हं," अर्डिस लांबूनच म्हणाली. "दुसऱ्याच्या पेटीला हात लावला की थेट केंद्र सरकारचा गुन्हा. तुम्हीच शिकवलंय. या वयात तुरुंगात जाऊन कुठे बसू?"

"माहीत आहे."

"बारा दिवस काय करत होतात हो?"

ऑर्लिननी सांगितलं. आरसा, अट, आशा, आठ मसुदे.

"घंटेसाठी?" अर्डिस त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, मग रस्ता ओलांडून विचारायचं ना, घंटा देता का म्हणून!"

"तुम्ही पोस्टाने कळवा म्हटलं होतं."

"तुम्ही लेखी द्यावं म्हणून शिकवलंत, म्हणून म्हटलं होतं! तोंडी बोलले असते तर परत बी-मायनस दिला असतात."

"तुम्ही त्या माणसाला शब्द दिलाय," ते म्हणाले. "मी पत्र काढून घेतो."

"नक्की? मग जाणार कुठे तुम्ही?"

"फिनिक्स."

"तिथे तर उन्हाने डांबर वितळतं म्हणतात."

"कोरडी हवा आहे."

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. हाताला काहीतरी जाड लागलं. ते बाहेर काढलं. बियाण्यांचा कॅटलॉग होता, मुखपृष्ठावर टोमॅटो. त्यांनी पुन्हा आत पाहिलं, मग वाकून पाहिलं. पेटी रिकामी होती.

अर्डिसने काखेतली गुंडाळी उलगडली. तोच टोमॅटो.

"हा केव्हा आला?" ऑर्लिननी विचारलं.

"साडेआठला. जीप आली तेव्हा मी अंडी तळत होते. आज गॉर्डी नव्हता, ती नवी बदलीवाली पोरगी होती. ती फेरी उलट्या बाजूने मारते."

"पण झेंडी?"

दोघांनी झेंडीकडे पाहिलं. ती अजून वरच होती, ताठ.

"तिला ठोशाचं कुणी सांगितलं नसेल," अर्डिस म्हणाली.

ऑर्लिन काठीवर रेलून उभे राहिले. तारखा आणि वेळा त्यांच्या डोक्यात फळ्यावर लिहाव्यात तशा एकाखाली एक आल्या. साडेआठला पत्र पोस्टाच्या ताब्यात. नऊ चाळीसला फोन. मागे घेण्यासारखं तेव्हा काही उरलंच नव्हतं.

"अर्डिस," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले, "साडेआठला करार झाला."

"कुणी केला?"

"आपण."

"मी तर अंडी तळत होते म्हटलं ना."

"त्याला हरकत नाही."

अर्डिसने टोपी मागे सारली. "आणि इलिनॉयवाला? त्याला मी हो म्हटलंय."

"लेखी?"

"फोनवर."

"जमीन आहे," ऑर्लिन हळूच म्हणाले.

अर्डिसने थोडा वेळ टोमॅटोकडे पाहिलं. "सातवा धडा," ती नाइलाजाने म्हणाली. मग तिने मान वर केली. "झालेला करार दोघांनी मिळून मोडता येतो ना? दोघांची मर्जी असली तर?"

"येतो."

"मग आहे का तुमची मर्जी?"

दहा मिनिटांपूर्वी त्यांनी शाळेवर पाणी सोडायची तयारी केली होती. तेव्हा ती त्यांची आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

"नाही," ऑर्लिन म्हणाले. आयुष्यात कुणाला इतक्या सरळ नाही म्हटल्याचं त्यांना आठवेना. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं.

"बरं," अर्डिस म्हणाली. "त्याला वाइन घेऊन दुसरीकडे जायला सांगते. तसाही तो मला 'डिअर' म्हणत होता." आणि जाता जाता तिने झेंडीला कोपराने एक फटका दिला. पेटीला हात लागला नाही. झेंडी खाली आली.

पत्र तिच्या पेटीत तिसऱ्या दिवशी पडलं. तो शुक्रवार होता. शुक्रवारी सगळं नॉर्थ कूली तळलेले मासे खायला हमरस्त्यावरच्या सपर क्लब या खानावळीत जमतं, तसे हे दोघेही गेले आणि नॅडीनच्या टेबलावर बसले. नॅडीनने पत्र पाहिलं, पाकिटावरचा शिक्का पाहिला आणि ब्रँडीचा ग्लास बाजूला सरकवला.

"म्हणजे पोस्टवालीने आधीच नेलं होतं," ती म्हणाली. "झेंडीचा प्रश्न उरलाच नाही."

"नाही उरला."

"तीस वर्षं वाट पाहत होते मी, सर."

"माफ कर," ऑर्लिन म्हणाले. "पुन्हा परीक्षेला आला नाही."

नॅडीनने माशावर लिंबू पिळलं. "आणि ते घंटेचं काय मनावर घेतलंत? छपराला बोल्टांनी आवळलेली आहे ती. बांधकामाला जोडलेली वस्तू जमिनीबरोबरच जाते. ती तशीही तुमचीच होती. हा तर तुमचा नववा धडा."

ऑर्लिनचा काटा ताटाच्या वर थांबला. विजेच्या तारांबद्दल आपण अमिश लोकांना काय सांगितलं होतं, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. अर्डिस इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचा माणूस तिच्या पाठीवर थाप मारायला उठला.

"याला काय गुण द्यायचे, सर?" ती डोळे पुसत म्हणाली.

"बी-मायनस," ऑर्लिन म्हणाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खरेदीखत झालं. अर्डिसने किल्ली आणून हातावर ठेवली आणि ती निघून गेली. ऑर्लिन एकटेच आत शिरले. खडूचा वास अजून होता, किंवा त्यांना तसं वाटलं. त्यांनी वर पाहिलं. छताच्या भोकातून घंटेची कड दिसत होती. त्यांनी हात वर केला, आणि हात हवेतच राहिला. घंटेला दोर नव्हता. भिंतीवर आकडा होता, आकड्याखाली दोराचा गोल फिकट ठसा होता.

संध्याकाळी त्यांनी अर्डिसला फोन केला.

"दोर आकड्याला नुसता टांगलेला होता, म्हणून मी घेऊन आले," अर्डिस म्हणाली. "बोल्ट नाही, खिळा नाही. नॅडीनला विचारलं मी. ती म्हणाली, वाद घालता येईल. मी म्हटलं, मग घालू दे त्यांना."

ऑर्लिन पुस्तकांच्या खोक्यावर बसले आणि गुडघ्यावर पाटी घेऊन लिहू लागले. आयुष्यातला हा त्यांचा पहिला प्रस्ताव होता. मसुदा एकच झाला. दोराच्या बदल्यात त्यांनी अठ्ठ्याऐंशी सालचा बी-मायनस बदलून बी-प्लस करायची तयारी दाखवली होती, सहीनिशी. कॉलेज हे मान्य करणार नाही याची त्यांना कल्पना होती, पण करार कॉलेजशी नव्हता.

सकाळी त्यांनी पत्र पेटीत ठेवलं आणि झेंडी वर केली. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ती लिहावी की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला होता.

"उत्तर तोंडी दिलं तरी चालेल."